गाडी रात्री कुठे असते

आमच्या गावात गाडीचा विमा हा घरोघरचा विषय आहे. इतर गावांत लोक पोरांच्या मार्कांवर बोलत असतील, आमच्याकडे प्रीमियमवर बोलतात. वर्षातून दोन-तीन वादळं येतात आणि त्यातलं एखादं तरी नदीला कॉलेजच्या फाटकापर्यंत घेऊन येतं. कॉलेज खाली, अगदी काठाला. ज्याने ती जागा निवडली त्याला पोहता येत असावं. प्राध्यापक, विद्यार्थी, झेरॉक्सवाले, खाणावळी, सगळे खालीच. वर टेकडीवर आम्ही निवृत्त माणसं. गाडी खाली उभी राहत असेल तर वर्षाचा विमा चौतीस हजार, टेकडीवर उभी राहत असेल तर अठरा. गाडी तीच, कंपनी तीच.

वादळाचे दिवस सुरू व्हायच्या आधी आमचा एजंट फॉर्म घेऊन घरी येतो. फोनवर काम भागतं, पण त्याला चहा लागतो आणि बातम्या लागतात. बाहेरच्या खोलीत बसून तो मला दरवर्षी तेच समजावतो. नुसता थर्ड पार्टी घेतला तर दुसऱ्याची गाडी भरून मिळेल, स्वतःची वाहून गेली तर बसा बघत. फुल घेतला तरी इंजिनात पाणी शिरलं तर ते त्यात येत नाही, त्याचं कव्हर वेगळं. आणि पहिले पाच हजार स्वतः सोसायची तयारी दाखवली तर थोडं कमी होईल.

"सगळं घ्या," मी म्हणायचे. "आणि सोसायचं काही नको."

"मॅडम, गिऱ्हाईक असावं तर तुमच्यासारखं," तो म्हणायचा, आणि लिहिता लिहिता, मान वर न करता विचारायचा, "गाडी रात्री कुठे असते?"

"घरी."

तो 'टेकडी'समोर खूण करायचा. दोन वर्षं मी हे उत्तर दिलं आणि दोन्ही वर्षी ते खोटं होतं. सोळा हजार वाचवायचा माझा विचार नव्हता. पेन्शन बरी आहे आणि घरात खाणारं तोंड एकच. पण 'खाली' म्हटलं असतं की पुढचा प्रश्न 'का' हा आला असता, आणि त्या एजंटाला काही सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. भाची घर सोडून गेली हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना सांगायचे, कामाच्या वेळा विचित्र आहेत तिच्या, लवकर जाते, उशिरा येते. शेजारी हो म्हणायचे. त्यांनाही डोळे आहेत, पण बोलत नाहीत, हे त्यांचे उपकार.

माझी थोरली बहीण गेली तेव्हा भाची नऊ वर्षांची होती. मी तेव्हा मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते. एकतीस वर्षं तेच केलं. मुली पाठीमागे मला हवालदार म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचं. भाची रेक्टरच्या दोन खोल्यांत वाढली, दोनशे मुलींच्या मधे. शिकली, इथल्याच कॉलेजात कंत्राटावर लागली. पगार एवढासा, म्हणून चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजातही तास घ्यायला लागली. तिकडे बस धड जात नाही. मग मी निवृत्तीच्या पैशातून गाडी घेतली. माझ्या नावावर, म्हणजे तिच्या डोक्याला कटकट नको. चालवायची मात्र तिने एकटीने. मला चालवता येत नाही.

टेकडीवरच्या या घरात आलो तेव्हा मी दाराजवळच्या खिळ्याला एक वही अडकवली. हॉस्टेलवर असायची तशीच. तारीख, बाहेर गेल्याची वेळ, आत आल्याची वेळ, सही. घरात माणसं दोन, आणि वही. लोक हसतील, हसू देत. मला त्याशिवाय घर घरासारखं वाटायचं नाही. भाचीही सुरुवातीला हसत हसत सही करायची. कधीकधी 'आत'च्या रकान्यात 'पोटात कावळे' असंही लिहायची. पुढे नुसती सही राहिली. मग एके दिवशी ती रात्री सव्वादहाला आली, मी वही पुढे केली आणि विचारलं, कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिने शांतपणे सही केली आणि झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बॅगा घेऊन निघाली. खाली एक खोली बघितलीय म्हणाली, कॉलेज जवळ पडेल. भांडण नाही, आदळआपट नाही. मी भांडायला तयार होते, पण तिने मला संधीच दिली नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी तिचा फोन. तब्येत कशी आहे, गॅस संपला का, औषधं आणलीस का. मी सगळं ठीक म्हणायचे, तीही सगळं ठीक म्हणायची. चार-पाच मिनिटांत संपायचं. मी मात्र त्या दिवशी आठपासून फोनजवळ.

या वर्षीचं दुसरं वादळ मोठं होतं. सकाळीच इशारा आला. असा इशारा आला की आमच्याकडे एक रीत आहे. खालची माणसं आपापल्या गाड्या टेकडीवर ओळखीच्यांच्या दारात आणून लावतात. अंगणात, गल्लीत, झाडं टाळून जिथे जागा मिळेल तिथे. मग चहा होतो, गप्पा होतात, कुणी रात्रभर थांबतं, कुणी पाऊस वाढायच्या आत चालत खाली जातं. मी भाचीला फोन केला. "गाडी वर आणून ठेव."

"हो मावशी, आणते दुपारपर्यंत," ती म्हणाली.

मी फाटकातल्या कुंड्या एकेक करून मागे ओढल्या. कंबर धरली, पण जागा झाली. तिच्या खोलीतल्या गादीवर धुतलेली चादर घातली, म्हटलं पाऊस वाढला तर राहील. समोरच्या डॉक्टरांच्या अंगणात बाराच्या सुमारास सहा गाड्या झाल्या. त्यांची सून छत्री घेऊन एकेकाला मागे घ्या, अजून घ्या, करत होती. आत माणसांचा गलका. एकाने माझ्या फाटकातली रिकामी जागा पाहून विचारलं, "बाई, इथे लावू का?"

"नको, आमची येतेय," मी म्हटलं.

दोन वाजले, तीन वाजले. फोन लागेना. चारला वारा असा सुटला की खिडक्या आतून बांधाव्या लागल्या. मी मधल्या खोलीत बसून राहिले. समोर डॉक्टरांकडे माणसं मेणबत्त्या लावून पत्ते खेळत होती, काचेतून दिसत होतं. मला भीती वादळाची वाटत नव्हती. ती आली नाही याचंच वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे मला तिचा राग येत होता, ती सुखरूप असेल का हे कळायच्या आधीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. ती बरी होती. गाडी गेली होती. पाणी स्टेअरिंगपर्यंत चढलं होतं.

"तू येणार होतीस," मी म्हटलं.

"अडकले गं मावशी. शाळेत जावं लागलं मधेच." कुठल्या शाळेत हे मी विचारलं नाही. कॉलेजला शाळा म्हणाली असेल असं वाटलं. "क्लेमचं काय होईल? पुढच्या महिन्यापासून तिकडचे तास सुरू होतायत. गाडी नसेल तर ते दुसऱ्या कुणाला देतील."

"क्लेम मिळेल. सगळी कव्हरं आहेत."

"पण गाडी तर खालीच असते. पॉलिसीत काय लिहिलंय?"

"ते मी बघते."

"मावशी, सर्व्हेअर येईल. जे आहे ते सांग त्याला."

"तू काळजी करू नकोस," मी म्हटलं. मनाशी मी ठरवून टाकलं होतं. तिची गाडी मला परत मिळवून द्यायची होती. तिच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे बाकी काय उरलं होतं? आणि कुणा परक्या माणसासमोर बसून ती माझ्याकडे राहत नाही असं सांगायचं, हे मला जमणारं नव्हतं.

सर्व्हेअर पाचव्या दिवशी आला. पन्नाशीचा, पँटचे पाय चिखलाने भरलेले, आवाज बसलेला. सकाळपासून चौदा बुडालेल्या गाड्या बघून आलो म्हणाला. त्याने बूट दाराबाहेर काढले, मोजेही ओले होते म्हणून तेही काढले, आणि संकोचून खुर्चीच्या कडेवर बसला. मी चहा ठेवला.

"गाडी एरवी रात्री इथेच असते?"

"इथेच. तुम्ही आत आलात ना, त्या फाटकात."

"आणि चालवतात कोण?"

"माझी भाची. माझ्याकडेच असते."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबवेना. मी सांगितलं की ती साडेआठपर्यंत येते. गाडी लावली की आधी हॉर्नचा एक बारीक आवाज करते, मला कळावं म्हणून. चपला नेहमी उंबऱ्यातच काढते, कितीदा सांगितलं तरी. आल्या आल्या पातेल्याची झाकणं उघडून बघते. मग आम्ही दोघी जेवतो, ती कॉलेजातल्या लोकांच्या नकला करते, मी हसते. रात्री ती पेपर तपासत बसते आणि मी दिवा बंद कर म्हणून दोनदा ओरडते. त्या दिवशी तेवढी गाडी खाली राहिली, काम निघालं म्हणून. मी त्याला तिची खोलीही दाखवली. धुतलेली चादर तशीच होती, सुरकुती नव्हती तिच्यावर. तो दारातूनच बघून मागे फिरला.

एकतीस वर्षांत मी शेकडो मुलींचं खोटं पकडलं. खोटं बोलणारी मुलगी नेहमी जास्त बोलते, हे मीच नव्या रेक्टरला शिकवलं होतं.

त्याने फोन काढून गाडीचे फोटो दाखवले. बॉनेट, इंजिन, गाळ. मग आतला एक. मागच्या सीटवर पट्ट्यांची एक छोटी खुर्ची बांधलेली होती, लहान मुलांना गाडीत बसवतात ती. चिखलाने माखलेली. एका पट्ट्याला कापडी ससा बांधलेला.

"छोटीपण इथेच असते का?" त्याने विचारलं.

मी फोटोकडे बघत राहिले. ही खुर्ची कधी आली, कुणाची, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. पण तोंडातून निघालं, "हो. इथेच."

"वय?"

मी खुर्चीच्या आकारावरून अंदाज केला. "चार."

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "गाडी इथे असते याला काही आधार आहे का? पार्किंगची पावती वगैरे काही?"

आणि इथे मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. नोंद विचारली की माझा हात वहीकडे जातो. एकतीस वर्षांची सवय. 'आमच्याकडे रोजची नोंद असते' असं म्हणत मी खिळ्यावरची वही काढून त्याच्या हातात दिलीसुद्धा. देता देताच लक्षात आलं, पण तोवर त्याने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं होतं. तारीख दोन वर्षांपूर्वीची. बाहेर, सकाळी आठ दहा. सही. आत, काही नाही. त्याच्या पुढची सगळी पानं कोरी.

तोंडाने मी वाटेल ते सांगितलं होतं. वहीत मात्र दोन वर्षांत एकदाही खोटं लिहवलं नव्हतं.

त्याने वही मिटून माझ्याजवळ ठेवली. मग पिशवीतून एक कागद काढला. "बाई, भाचीबाईंनी काल लिहून दिलंय. वाचू?" मी मान हलवली की नाही आठवत नाही. तिने लिहिलं होतं की गाडी दोन वर्षांपासून खाली तिच्या घरासमोर उभी असते, पॉलिसीत बदल करायला मावशीला सांगायचं तिच्याकडून राहून गेलं, मावशीचा यात दोष नाही. वादळाच्या दिवशी यजमान बाहेरगावी होते आणि शाळेतून मुलीला आणताना रस्ता बंद झाला, म्हणून गाडी वर नेता आली नाही.

"यजमान," मी म्हटलं.

"हो, रजिस्टर लग्न झालंय ना त्यांचं गेल्या वर्षी." त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. "मुलगी त्यांच्या यजमानांची. सहा वर्षांची आहे म्हणाल्या."

मग त्याने मला नीट, हळू समजावलं. विमा माझ्या नावावर, म्हणून जबाब माझाच लागणार. जागेची चूक नजरचुकीने राहिली असं असेल तर कंपनी कमी भरलेल्या प्रीमियमच्या हिशेबात रक्कम कापते, निम्म्याच्या वर तरी मिळते. पण मालकानेच सर्व्हेअरला खोटं सांगितलं असं दिसलं तर एक पैसा मिळत नाही. "मी अजून काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "आत्तापर्यंत आपण चहा घेत होतो."

त्याने कोरा कागद दिला आणि काय लिहायचं ते सांगितलं. मी, खाली सही करणारी, असं लिहून देते की माझी भाची माझ्याकडे राहत नाही. तेवढं लिहायला मला किती वेळ लागला कोण जाणे. तो घड्याळाकडे न बघता बसून होता. 'कधीपासून' तिथे मी तारीख लिहिली. वही बघावी लागली नाही.

"सही पूर्ण करा बाई," तो म्हणाला. हवालदाराने सही पूर्ण केली.

तीन आठवड्यांनी क्लेम मंजूर झाला, शंभरातले त्रेपन्न. त्यात तिने आपले घालून जुनी पण बरी गाडी बघितली. कागदांवर माझी सही हवी म्हणून ती शनिवारी सकाळी वर आली. दोन वर्षांनी. चपला बाहेर, जिन्याशी काढल्या, पाहुण्यासारख्या. थोडी जाड झाली होती, चांगली दिसत होती.

"सांगणार होते," ती म्हणाली.

"कधी?"

"तू चौकशी लावली असतीस, मावशी. कोण, कुठला, पहिली बायको का गेली. सगळं बरोबरच विचारलं असतंस. मला तेव्हा कुणी काही विचारायला नको होतं."

मी तशीच आहे. "तिला आणलं नाहीस," मी म्हटलं.

"पोहायच्या क्लासला गेलीय."

"मी चार सांगितलं त्याला. वय."

भाचीला हसू आलं, मलाही आलं. तेवढा एक क्षण ती माझीच होती. मग ती खिडकीकडे बघत राहिली आणि मी सह्या केल्या. नवी गाडी तिच्या नावावर, पत्ता खालचा. विम्याचा आकडा पत्त्याच्या खालीच होता, सगळी कव्हरं धरून चौतीस हजार दोनशे.

मी त्या आकड्याकडे बघितलं आणि मला सुचलं. खरंच सुचलं, त्यात काही लबाडी नव्हती. "ऐक," मी म्हटलं, "गाडी रात्री इथे लावत जा. खरोखरची लाव. वादळातही भीती नाही. इथून तुझं घर उतारावरून पंधरा मिनिटं. संध्याकाळी लावायची, सकाळी घेऊन जायची. सोळा हजार वाचतील वर्षाला. आत यायचीही गरज नाही. मी काही विचारणार नाही, वहीसुद्धा काढून टाकते." मी एवढं कधी सलग बोलत नाही.

तिने खरंच विचार केला. मला दिसत होतं ती मनात हिशेब मांडतेय. कंत्राटाचा पगार, मुलीची फी, घराचं भाडं. सोळा हजार म्हणजे तिचा जवळजवळ महिन्याचा पगार.

"नको मावशी," ती म्हणाली. अगदी मऊपणाने म्हणाली. "भरते मी."

तिने कागद गोळा केले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, रविवारी फोन करते म्हणाली आणि गेली. माझ्या दारापर्यंत रोज दोनदा यायचं नाही, यासाठी ती वर्षाला सोळा हजार मोजणार होती. आणि तिला ते महाग वाटलं नाही.